साखर कारखाने आणि सत्ता या विषयावर पीएच.डी. करायची आहे: शीर्षक, आकडे, पद्धत आणि पुढची वाट

विचारणा थोडक्यात अशी आहे. एम.ए. अर्थशास्त्र झाले आहे, सेट (राज्य पातळीवरची प्राध्यापक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे, सध्या तासिका तत्त्वावर शिकवणे चालू आहे आणि घर ऊसपट्ट्यात आहे. विकासाच्या राजकीय अर्थशास्त्रात संशोधन करायचे आहे. मार्गदर्शकांनी सुचवलेले शीर्षक आहे ‘सहकारी साखर कारखान्यांचे ग्रामीण विकासातील योगदान: एक अभ्यास’. हे घ्यावे का, अर्थमिती शिकावी की गावोगाव फिरावे, आणि यातून पुढे करिअर उभे राहते का, असे तीन प्रश्न आहेत.

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न राहून गेला आहे: तुम्हाला नेमके काय शोधायचे आहे? ‘योगदान’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. अशा शीर्षकाचा प्रबंध कसा होतो ते ठरलेलेच आहे. दोन-तीनशे सभासदांना प्रश्नावली दिली जाते, ‘कारखान्यामुळे तुमचे जीवनमान सुधारले का’ असे विचारले जाते, ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत खुणा होतात, काय-वर्ग ही संख्याशास्त्रीय चाचणी लावली जाते आणि योगदान सिद्ध होते. यात कारखाना नसता तर काय झाले असते याची तुलनाच नसते. कारखाना जिथे पाणी होते तिथे निघाला. मग सुधारणा पाण्याची की कारखान्याची? शिवाय ज्याचा ऊस त्याच कारखान्याला जायचा आहे तो शेतकरी अनोळखी माणसाच्या कागदावर ‘असहमत’ कशाला लिहील?

राजकीय अर्थशास्त्राचा प्रश्न वेगळ्या जागी असतो. एखाद्या व्यवस्थेत पैसा कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातो, तो नियम कोण ठरवतो आणि नुकसान होणारे लोक तो नियम का बदलू शकत नाहीत, हे शोधायचे असते. या शाखेत जे टिकतात त्यांनी बहुधा एका व्यवस्थेतला पैशाचा माग पहिल्या पावतीपासून शेवटच्या ताळेबंदापर्यंत स्वतः काढलेला असतो. पद्धत, मार्गदर्शक, नियतकालिके या गोष्टी त्यानंतर ठरतात. म्हणून मी उसाच्या बिलापासून सुरुवात करायला सांगेन.

केंद्र सरकार दरवर्षी रास्त व किफायतशीर भाव, म्हणजे एफआरपी, जाहीर करते. ऊस नियंत्रण आदेश १९६६ मध्ये २००९ साली दुरुस्ती होऊन हा भाव आला. त्याआधी किमान वैधानिक भाव होता. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) टनामागे ३,५५० रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३४.६० रुपये जादा असा दर आहे. १२ टक्के उतारा असलेल्या कारखान्याचा हिशेब सुमारे ४,१५५ रुपये होतो. त्यातून तोडणी-वाहतूक खर्च वजा होतो आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात १४ दिवसांत जायला हवी. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज कायद्यात आहे.

आता या बिलातली प्रत्येक ओळ हा सत्तेचा प्रश्न आहे. पहिली ओळ वजन: काटा कोणाचा आणि तो तपासतो कोण? दुसरी ओळ उतारा. कारखान्याने उतारा अर्धा टक्का कमी दाखवला तर टनामागे १७३ रुपये कमी द्यावे लागतात. ५ लाख टन गाळपावर ती रक्कम ८ कोटी ६५ लाख होते. उतारा खरोखर घटला, की मळी बी-हेवी करून, म्हणजे तिच्यात जास्त साखर ठेवून, साखर इथेनॉलकडे वळवल्यामुळे तो कागदावर घटला आणि त्याची भरपाई हिशेबात धरली गेली की नाही, हे तपासायला तांत्रिक ज्ञान लागते. ते नसलेला सभासद सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारू शकत नाही. उतारा मागच्या हंगामाचा धरायचा की चालू हंगामाचा, यावरही लढाई झाली. एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा देणारा राज्य सरकारचा फेब्रुवारी २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. दोन टप्प्यांचा तो निर्णय कोणी मागितला, कोणी विरोध केला आणि रोखीची टंचाई कोणाच्या अंगावर पडत होती, एवढ्या प्रश्नावर एक प्रकरण सहज उभे राहते.

तिसरी ओळ तोडणी-वाहतुकीची. इकडे संशोधकांचे सहसा लक्ष जात नाही, मला मात्र हीच सगळ्यांत बोलकी वाटते. हा खर्च कारखान्याच्या एकूण उसावर सरासरीने आकारला जातो. कार्यक्षेत्रात ऊस कमी पडतो म्हणून ७०-८० किलोमीटरवरून गेटकेन, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस, आणला, तर त्याचा वाहतूक खर्च कारखान्याला खेटून शेत असलेल्या सभासदाच्या बिलातूनही जातो. म्हणजे क्षमता वाढवण्याचा निर्णय संचालक मंडळाचा, आणि त्याची किंमत जवळच्या शेतकऱ्याने मोजायची. कोणत्या कारखान्याचा हा खर्च शेजारच्या कारखान्यापेक्षा सातत्याने जास्त आहे, हे पाहिले की प्रश्न आपोआप समोर येतात.

याच ओळीत ऊसतोड मजूरही आहे. जोडप्याची मजुरी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते, मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमामार्फत हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते आणि मजुरीतून ती फेडून घेतली जाते. मजुरीचा दर वाढला तर तो एफआरपीतून वजा होतो, म्हणजे शेतकरी आणि मजूर यांचे हित कागदोपत्री एकमेकांसमोर उभे केले जाते आणि कारखाना मधून बाजूला होतो. बीडच्या किंवा अहिल्यानगरच्या दुष्काळी तालुक्यातल्या मजुराला वगळून केलेला उसाच्या राजकीय अर्थशास्त्राचा अभ्यास मला अपुरा वाटतो.

एक सापळा आधीच सांगून ठेवतो, कारण वाणिज्य आणि अर्थशास्त्र या दोन्ही विभागांतले बरेच प्रबंध त्यात अडकतात. कारखान्याच्या ताळेबंदावरून नफ्याची गुणोत्तरे काढून ‘कार्यक्षम’ आणि ‘अकार्यक्षम’ कारखाने ठरवले जातात. सहकारी कारखान्यात सभासद हाच मालक आणि हाच पुरवठादार. वरकड पैसा त्याला लाभांशापेक्षा ऊसदरातूनच मिळतो. त्यामुळे नफा शून्याच्या आसपास असलेला कारखाना उत्तम दर देणारा असू शकतो आणि भरघोस नफा दाखवणारा कारखाना शेतकऱ्याला कमी देणारा. किमान दरापेक्षा जास्त दिलेली रक्कम खर्च धरायची की नफ्याचे वाटप, यावर प्राप्तिकर खाते आणि कारखाने यांच्यात अनेक वर्षे वाद चालला. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने २०१६-१७ पूर्वीच्या अशा रकमा खर्च म्हणून मान्य केल्या. तेव्हा तुमचा मुख्य चल (मोजायची मुख्य राशी) नफा नसून ‘शेतकऱ्याच्या हातात प्रत्यक्ष पडलेला टनामागचा दर’ असायला हवा. त्यातूनही परतीच्या आणि बिनपरतीच्या ठेवींच्या कपाती, वेगवेगळे निधी आणि दिवाळीला दिलेला हप्ता यांचा हिशेब स्वतंत्र मांडावा लागतो. जाहीर दर, मंजूर दर आणि जमा रक्कम हे तीन वेगळे आकडे आहेत, आणि त्यांच्यातले अंतर हाच अनेकदा निष्कर्ष असतो.

आधी काय लिहिले गेले आहे ते पाहू. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांचा कोपरगाव परिसरातला अभ्यास पुस्तकरूपाने १९८० मध्ये आला. कारखान्यातली गटबाजी आणि त्याचे आर्थिक काम एकत्र कसे चालते, हे समजायला तो अजूनही पहिला वाचावा. अर्थशास्त्राच्या बाजूने अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देवराज रे यांचा २००१ चा शोधनिबंध पाहा. मोठे ऊस उत्पादक दर मुद्दाम खाली ठेवतात, कारण दर न दिल्यामुळे कारखान्यात राहिलेल्या पैशावर नियंत्रण त्यांचे असते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्यातून निघणारे भाकीत तपासता येण्याजोगे आहे: लहान शेतकऱ्यांचे प्रमाण वाढत जाते तसा दर आधी घसरतो आणि एका टप्प्यानंतर पुन्हा चढतो. संदीप सुखटणकर यांनी २०१२ मध्ये दाखवले की ज्या कारखान्यांचे अध्यक्ष निवडणूक लढवतात ते निवडणुकीच्या वर्षी ऊसदर कमी देतात. याच्या शेजारी रॉबर्ट बेट्स यांचे १९८१ चे आफ्रिकेतल्या पणन मंडळांवरचे काम ठेवा. तिथे विखुरलेला शेतकरी राज्यसंस्थेला दराबाबत रोखू शकत नव्हता. आपल्याकडे शेतकरी मतदार आहे, सभासद आहे, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जमतोही, आणि तरी दरासाठी रस्त्यावर येतो. हे कोडे मला पूर्ण कारकीर्द वाहून घेण्याइतके मोठे वाटते.

या वाचनातून तुमची जागा कुठे आहे तेही कळेल. ही सारी कामे मुख्यतः सहकाराचे वर्चस्व असलेल्या काळाबद्दल आहेत. आज राज्यात हंगामाला सुमारे २०० कारखाने चालतात आणि त्यांतले जवळपास निम्मे खासगी आहेत. अडचणीतले सहकारी कारखाने विकले किंवा भाड्याने दिले गेले आणि त्यांतले काही राजकीय घराण्यांशी जोडलेल्या कंपन्यांकडे गेले. सभासदत्व आणि मत गेल्यावर दर, थकबाकी आणि गेटकेन यांत काय फरक पडला? शेजारी सहकारी कारखाना टिकून असेल तर खासगी कारखाना जास्त दर देतो का? केंद्राच्या आदेशात दोन कारखान्यांमधले किमान हवाई अंतर १५ किलोमीटर आहे, महाराष्ट्रात ते २५ आहे. या जादा १० किलोमीटरचा फायदा कोणाला होतो? इथे नवे काम करायला जागा आहे, आणि मराठी येणाऱ्या माणसाला तर जास्तच आहे.

मराठीचा हा फायदा भावनेचा नाही, कागदांचा आहे. सहकारी कारखाना वार्षिक सर्वसाधारण सभेआधी सभासदांना छापील अहवाल देतो. त्यात ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, गाळप, उतारा, कर्जे, संचालकांची नावे आणि बहुधा मागच्या काही वर्षांची तुलना असते. हे अहवाल कुठल्याच डेटाबेसमध्ये एकत्र सापडत नाहीत. ते सभासदांच्या कपाटात असतात. तुमच्या नात्यात सभासद असतीलच. एका कारखान्याचे १५ वर्षांचे अहवाल मिळवून टंकित केलेत तर देशाबाहेरच्या संशोधकाला सहजी न मिळणारी सामग्री तुमच्या हाती येते.

साखर आयुक्तालय गाळप आणि थकीत एफआरपीचे कारखानानिहाय तक्ते काढते. हंगाम चालू असताना ते दर वेळी उतरवून ठेवा, कारण जुने तक्ते संकेतस्थळावर राहतीलच असे नाही. माहिती अधिकारात थेट सहकारी कारखान्याकडे अर्ज करू नका. सरकारचा भरीव निधी नसेल तर सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा थलप्पलम निकाल आहे. मात्र सहकारी संस्थांच्या निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून घेता येते ती निबंधकाकडून मागता येते. म्हणून अर्ज साखर आयुक्तालयाच्या किंवा प्रादेशिक सहसंचालकांच्या माहिती अधिकाऱ्याकडे करा. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सर्व कारखान्यांची सर्व माहिती’ असा अर्ज फेटाळला जातो. ‘अमुक हंगामात तोडणी-वाहतूक खर्चाचा कारखानानिहाय मंजूर तक्ता’ असा अर्ज चालतो. लेखापरीक्षण अहवाल आणि सहकार कायद्याच्या कलम ८३ खालच्या चौकशीचे अहवाल ही खाण आहे. खासगी कारखाना कंपनी असल्याने त्याचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपयांत पाहता येतो.

राजकीय बाजूसाठी उमेदवारांची शपथपत्रे आहेत. ती कारखान्याच्या संचालक यादीशी जुळवण्याचे काम हातानेच करा. संगणकाने नावे जुळवली की एकाच आडनावाचे तीन वेगवेगळे लोक एक होतात, आणि सासरा अध्यक्ष नि सून आमदार ही खरी जोडी निसटते. नाव, गाव आणि नाते या तीन खुणा जुळल्याशिवाय जोडणी धरू नका. शंकास्पद जोड्या वेगळ्या रकान्यात ठेवा आणि त्यांच्यासह व त्यांच्याशिवाय असे दोन्ही निकाल द्या.

काळाची जुळवणी त्याहून फसवी आहे. साखर हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, कारखान्याचे हिशेब एप्रिल ते मार्च. विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरात झाली, तर निवडणुकीचा पैसा आदल्या हंगामाच्या अंतिम बिलातून गेला असेल की नव्या हंगामाच्या पहिल्या हप्त्यातून, हे ठरवल्याशिवाय ‘निवडणूक वर्ष’ असा चल तयारच होत नाही. मतदारसंघांची २००८ ची पुनर्रचना महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभेपासून लागू झाली. २००४ आणि २००९ मध्ये नाव तेच असलेल्या मतदारसंघात गावे वेगळी असू शकतात. जिल्हेही बदलले: हिंगोली १९९९ मध्ये, पालघर २०१४ मध्ये. म्हणून विश्लेषणाचे एकक जिल्हा न ठेवता कारखाना ठेवा.

आता अर्थमिती की क्षेत्रकार्य? हे तुमच्या प्रश्नावर आणि तुमच्या गणिताच्या तयारीवर अवलंबून आहे, पण माझे मत स्पष्ट आहे: दोन्ही हवेत, आणि आधी क्षेत्रकार्य. २०० कारखाने आणि १५ हंगाम म्हणजे ३,००० नोंदी दिसतात. पण अध्यक्ष राजकारणात असणे हा गुण वर्षानुवर्षे तोच राहतो, त्यामुळे खरी माहिती कारखान्यांच्या संख्येइतकीच असते. प्रमाण त्रुटी काढताना एकाच कारखान्याच्या नोंदी एका गटात न धरता (क्लस्टर न करता) आलेला ‘लक्षणीय’ निकाल परीक्षक पहिल्याच पानावर खोडून काढतो. राजकीय आणि बिगरराजकीय कारखाने थेट ताडून पाहणेही चुकीचे, कारण राजकारणी माणूस मुळात कोणत्या कारखान्याकडे जातो हे यादृच्छिक नाही. मग एकाच कारखान्याची निवडणुकीची आणि बिगरनिवडणुकीची वर्षे ताडून पाहणे, थोड्या मतांनी जिंकलेले आणि हरलेले अध्यक्ष ताडून पाहणे, किंवा कोल्हापूर-बेळगाव सीमेवर केंद्राचा भाव एक पण राज्याचे नियम दोन याचा उपयोग करणे, असे मार्ग उरतात. यांतला कोणता मार्ग टिकेल हे क्षेत्रात फिरल्यावरच कळते. सीमेपलीकडचा ऊस अलीकडे येत असेल तर सीमेची तुलना कोसळते, आणि हे तुम्हाला आकड्यांत दिसणार नाही, ट्रॅक्टरवाला सांगेल.

क्षेत्रकार्याला हंगाम असतो. सर्वसाधारण सभा सप्टेंबरपर्यंत होतात. तिथे कोण बोलतो, कोणाचा माईक बंद होतो आणि कोणता ठराव किती मिनिटांत मंजूर होतो, याची नोंद घ्या. गाळप चालू असताना संचालकांपेक्षा शेतकी अधिकारी, गट ऑफिसातला, तोडीच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय आणि निवृत्त मुख्य लेखापाल यांच्याकडून जास्त कळते. तोडणीचा क्रम कोणाला आधी मिळतो हा दराइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण ऊस उभा राहिला की वजन घटते आणि पुढचे पीकही लांबते. मजुरांशी फडावर बोलायला जाऊ नका. पहाटेपासून राबलेल्या माणसाचा वेळ आपण खातो आणि मुकादमासमोर तो खरे बोलत नाही. पावसाळ्यात त्यांच्या गावी जा. उचल ठरण्याचा काळही तोच असतो.

प्रश्नावली ८० प्रश्नांची नको. बिल मागा. शेतकऱ्याला ‘दर परवडतो का’ असे विचारण्यापेक्षा मागच्या दोन हंगामांची बिले आणि बँक पासबुकातल्या नोंदी पाहू द्या म्हणावे. मग तारखांवरून १४ दिवसांचा नियम किती पाळला गेला ते त्याच्या मतावर न विसंबता कळते. कारखाना, गट, शेतीचा आकार आणि सभासद-बिगरसभासद असे चार स्तर ठेवून ६० ते ८० कुटुंबांची काटेकोर बिले गोळा केलीत, तर ती ३०० खुणा केलेल्या प्रश्नावल्यांपेक्षा मोलाची ठरतात.

सुरक्षितता आणि नैतिकता यांचा विचार आधी करा. कारखान्याचे नाव बदलून ‘क्ष कारखाना’ लिहिले तरी तालुका आणि दैनंदिन गाळप क्षमता दिली की ओळख उघड होते; दोन्हींपैकी एक धूसर ठेवावे लागते. सभासदाचा ऊस त्याच कारखान्याला जातो, त्यामुळे तुमच्या निष्काळजीपणाची किंमत त्याची तोड लांबून मोजली जाते. ध्वनिमुद्रणे इंटरनेटला न जोडलेल्या डिस्कवर ठेवा, नावांची किल्ली वेगळी ठेवा. गैरव्यवहाराबद्दल मुलाखतीतले वाक्य प्रबंधात आरोप म्हणून येऊ देऊ नका. असे विधान लेखापरीक्षण अहवाल, चौकशी अहवाल किंवा न्यायालयाचा आदेश हाती असेल तरच करा.

एवढे झाल्यावर शीर्षकाकडे या. मार्गदर्शकांशी वाद घालू नका. ‘पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखाने: ऊसदर, मालकी आणि नियंत्रण’ असे काहीतरी नोंदणीला द्या, त्यांनाही ते परके वाटणार नाही आणि तुमचा प्रश्न त्यात मावेल. २०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत पीएच.डी.ला किमान ३ आणि साधारण कमाल ६ वर्षे आहेत, अभ्यासक्रम किमान १२ श्रेयांकांचा आहे आणि प्राध्यापकाकडे ८, सहयोगीकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. मार्गदर्शक निवडताना किती प्रबंध झाले हे विचारू नका. त्यांच्या शेवटच्या तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध ग्रंथालयात उघडून पाहा आणि त्यांतले किती प्रकाशित झाले ते शोधा. आकडेवारीची बाजू मार्गदर्शकांकडे नसेल तर दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक सुरुवातीलाच मागून घ्या. तिसऱ्या वर्षी तो मिळत नाही.

सेटवर थांबू नका. सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती आहे. राष्ट्रीय पातळीवरची नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. तासिका तत्त्वावर आठवडाभर धावून संशोधन होत नाही, ही वस्तुस्थिती आहे. जेआरएफची खुल्या गटाची वयोमर्यादा ३० आहे. ती हुकली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या तुमच्या प्रवर्गानुसार पाहा. जाहिराती अनियमित येतात म्हणून नोंदणीचे कागद तयार ठेवा.

नोकरीचे गणित कोरडे आहे, पण माहीत असावे. २०१८ च्या यूजीसी नियमांत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकाच्या छाननीत पीएच.डी.ला ३० गुण आहेत आणि शोधनिबंधांना प्रत्येकी २, कमाल १०. म्हणजे पाच निबंधांपुढे छाननीत गुण वाढत नाहीत. पैसे घेऊन पंधरा दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांत वीस निबंध टाकण्याला अर्थ नाही. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये मागे घेतली गेली, तेव्हा दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आली आहे आणि ज्या संस्थेत तुम्हाला खरोखर काम करावेसे वाटेल ती संस्था निबंध वाचून निवड करते. पहिला निबंध साधा आणि घट्ट ठेवा: तोडणी-वाहतूक खर्चातल्या तफावतीचे वर्णन, चार तक्ते, एक नकाशा. असा लेख मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त शोभतो. दुसरा, मालकी बदलाचा, शेती-राजकारणाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकासाठी ठेवा. तिथे एका निबंधाला दोन वर्षेही लागतात, म्हणून तो तिसऱ्या वर्षाच्या आत पाठवावा लागतो. मराठीत ‘अर्थसंवाद’ आणि ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आहेत. ज्यांच्या बिलांवर संशोधन उभे आहे त्यांना वाचता येईल असा एक तरी लेख तिथे यायलाच हवा, असे मला मनापासून वाटते.

ही शाखा एकसंध नाही, हेही करिअरसाठी महत्त्वाचे. वर्गसंबंधांवर लिहिणारे, संस्था आणि राज्यव्यवहार यांवर लिहिणारे, आणि प्रतिमाने व आकडेवारीने राजकारण मोजणारे असे तीन प्रवाह आहेत. त्यांची नियतकालिके, परिषदा आणि नोकऱ्या वेगळ्या आहेत. वाचन तिन्हींचे करा, पण निबंध लिहिताना वाचक एकच ठरवा. मिश्र निबंध तिन्हीकडून परत येतो.

परदेशाबद्दल शेवटी. अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला वास्तव विश्लेषण (रिअल ॲनालिसिस), रेषीय बीजगणित आणि पदव्युत्तर सूक्ष्म अर्थशास्त्र पक्के लागते. ते नसेल तर आधी मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था किंवा तिरुवनंतपुरमचे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज यांचा विचार करा. राज्यशास्त्र आणि विकास अभ्यास विभागांत गणिताची अट सैल आणि क्षेत्रज्ञानाची किंमत जास्त असते. ब्रिटनमध्ये लंडनचे सोआस आणि ससेक्सची विकास अभ्यास संस्था या परंपरेसाठी ओळखल्या जातात, पण तिथे प्रवेश मिळणे आणि पैसे मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. शिष्यवृत्तीशिवाय मिळालेला प्रवेश कर्ज काढून घेऊ नका. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांनी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर पाहावी. अमेरिकेचे अर्ज बहुतांशी डिसेंबरात बंद होतात, तेव्हा लेखन-नमुना ऑगस्टपर्यंत हातात हवा. तो नमुना म्हणून एम.ए.चा प्रकल्प पाठवू नका. एका कारखान्याच्या १५ वर्षांच्या अहवालांवरून लिहिलेली २० पाने पाठवा.